आधी माझ्याकडे या

सोमवारी मी आमच्या पोस्टाच्या सात पायऱ्या चढून गेले. सातही! कठड्याला हात लावला नाही आणि काठी काखेत मारली होती. खाली उभ्या असलेल्या तीन-चार म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक आजी म्हणाल्या, "पोरगी चालून राह्यली बापा! आता तरी पोस्ट टायमावर उघडन का?" मी इतकी हसले की कुलपाची किल्ली हातातून पडली. मग ती वाकून उचलायची नाही हे आठवलं, कारण अजून वाकायची परवानगी नाही. त्याच आजींनी उचलून दिली.

मी वरोऱ्याजवळच्या एका गावात पोस्टात काम करते. वय एकतीस. मला सिकलसेल आहे, तोही पूर्ण. आमच्या भागात त्याला 'फुल सिकल' म्हणतात. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, वाटेत अडकतात, आणि जिथं अडकतात तिथं असं दुखतं की माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही. शास्त्र एवढंच पुरे. तीन महिन्यांपूर्वी माझा डावा खुबा काढून नवा बसवला. तो इतका झकास चालतो की दिसेल त्याला थांबवून दाखवावासा वाटतो. पण खुबा ही काही चारचौघांत दाखवायची वस्तू नाही, म्हणून लिहायला बसले.

लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. सिकलची पोरं आमच्याकडे पुष्कळ. त्यातल्या काहींच्या घरी आजार सांभाळणं सोपं आणि आईबाप सांभाळणं अवघड असतं. हे कोणी बोलत नाही, कारण आईबापांबद्दल असं बोलू नये म्हणतात. माझे आईबाप वाईट नाहीत. त्यांनी मला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. ते वयानं वाढले, पण मोठे झाले नाहीत, आणि घरात कोणीतरी मोठं लागतंच. ती पाळी माझ्यावर आली.

लाल कार्ड

मी चौथीत होते. कुरखेड्याजवळच्या आमच्या गावात शाळेत रक्त तपासणारे आले, बोटाला टोचून गेले, आणि काही दिवसांनी आम्हाला तालुक्याला बोलावलं. कुणाला पिवळं कार्ड मिळालं, मला लाल मिळालं. पिवळं म्हणजे हाफ, नुसता वाहक, लाल म्हणजे फुल. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. लाल रंग मला आवडायचा, म्हणून मी कार्ड छातीशी धरून मिरवत होते.

डॉक्टरीणबाईंनी माय आणि बाबांना समोर बसवून सावकाश समजावलं. हे निम्मं आईकडून येतं, निम्मं वडिलांकडून. दोघंही हाफ असले की मूल फुल होऊ शकतं. यात कोणाचा दोष नाही. दोघांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. दवाखान्याच्या फाटकापर्यंत ते शहाणपण टिकलं.

"तुझ्याच माहेरचं असन हे," बाबा म्हणाले. "तुझा भाऊ नेहमीच बिमार असते."

"माह्या माहेराचं नाव नोका घेऊ! तुमची आत्या कायनं मेली, सांगा नं आधी," माय म्हणाली.

एसटीत भांडण, वेशीत भांडण, अंगणात भांडण. डॉक्टरीणबाईंनी वाटणी अगदी सारखी करून दिली होती, तरी दोघांनाही आपला हिस्सा मान्य नव्हता. मग बाबा रुसले आणि जेवणार नाही म्हणून अंगणातल्या खाटेवर आडवे झाले. माय आत भिंतीकडे तोंड करून पडली. दोन दिवस असेच गेले. त्या दोन दिवसांत माझे गुडघे सुजले होते हे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही सांगितलं नाही, कारण आधीच इतकं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी मी भात टाकला. दोन ताटं वाढली, एक अंगणात नेलं, एक आत नेलं, आणि दोघांचीही माफी मागितली. मला सिकल झाल्याबद्दल. बाबा उठून जेवले. माय उठली, तिनं केस विंचरले. मला वाटलं, अरे वा, आपल्याला जादू येते!

भाग्याची लेक

बाबा झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांत काम करतात. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडप पडतात आणि होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. बाबांच्या वाट्याला बहुतेक वेळा बापाचं काम येतं. लेकीची पाठवणी करणारा बाप, लेकीच्या आजारपणात जमिनीवर डोकं आपटणारा बाप. अख्खं गाव हुंदके देतं. बाया मला म्हणायच्या, "भाग्याची हायेस वं पोरी, असा बाप भेटला." मी मान हलवायची.

घरी माझं अंग दुखायला लागलं की तोच बाप पायात चप्पल घालायचा. "मले पाह्यवत नाई," म्हणायचा आणि बाहेर पडायचा. सगळं निवळलं की परत यायचा.

माय पळून जायची नाही. ती कोसळायची. सहावीत असताना एकदा छातीत आणि पाठीत इतकं दुखलं की शेजाऱ्यांनी आम्हा दोघींना दवाखान्यात पोचवलं. दारातच मी जोरात कण्हले, आणि माय धाडकन खाली पडली. मग काय धावपळ! सगळे तिच्याभोवती. खाट एकच रिकामी होती, तिच्यावर मायला निजवलं. मी शेजारच्या स्टुलावर बसून वहीच्या पुठ्ठ्यानं तिला वारा घालत होते. बऱ्याच वेळानं कोणीतरी मला विचारलं, "बाळ, तुला काय होतं?" मी म्हणाले, "काही नाही. मी आईसोबत आले."

त्या दिवशी मी कायदाच करून टाकला. मायसमोर कण्हायचं नाही. ओढणीचा बोळा दातांत धरायचा, गोठ्यामागं जाऊन बसायचं, आणि आत येताना हसत यायचं. हा कायदा मी वीस वर्षं पाळला. मायवर मला राग आहे, आणि तिची दयाही येते. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं, एका रुसणाऱ्या माणसाशी. तिला कसं वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं, मग दुसऱ्याला ते कसं विचारतात हे ती कुठं शिकणार? तरीही राग आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे मला फार उशिरा कळलं.

"दुखत नव्हतं की सांगत नव्हतीस?"

खुबा दोन वर्षं दुखत होता. मी पोस्टात उभ्यानं शिक्के मारायची, वजन उजव्या पायावर टाकायची आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. लोक म्हणायचे, संघा मॅडम नेहमी हसतमुख! मायचा रोज फोन यायचा. "बरी हायेस नं? बरीच असशीन." उत्तर तिनंच दिलेलं असायचं, मी फक्त हो म्हणायची. मग ती अर्धा तास तिच्या गुडघ्याबद्दल आणि बाबांच्या रुसव्याबद्दल सांगायची.

शेवटी एक दिवस पाऊल उचलेना, तेव्हा चंद्रपूरला गेले. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. रक्त न पोचल्यानं हाडाचा गोळा सुकून बसला होता.

"इतके दिवस का आली नाहीस?"

"इतकं दुखत नव्हतं, सर."

"दुखत नव्हतं की सांगत नव्हतीस?"

एकतीस वर्षांत हे मला पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं.

आणि मग त्यांनी सांगितलं की खुबा बदलता येतो. नवा! मी पुन्हा जिने चढेन, बाजारात हिंडेन, सायकलसुद्धा चालवेन म्हणाले. लोक ऑपरेशनला घाबरतात, मला मात्र शंकरपटाच्या बैलशर्यतीला निघाल्यासारखा उत्साह चढला होता. मी तिथल्या तिथं तारीख मागितली. डॉक्टरांनी हात वर करून थांबवलं.

"एक अट आहे. सिकलमध्ये ऑपरेशननंतरचे पहिले आठ दिवस धोक्याचे असतात. पेशी फुफ्फुसात अडकल्या तर तासाभरात माणूस हातचं जातं. छातीत जरा दुखलं, श्वास जरा अडला, की त्याच क्षणी सांगायचं. मशीन नंतर दाखवतं, पेशंट आधी सांगतो. तू लपवलंस तर मी आंधळा आहे."

"सांगेन," मी म्हणाले. सुईला, टाक्यांना मी घाबरत नव्हते. मला माझ्याच तोंडाची खात्री नव्हती. माय-बाबा समोर असताना मी खरं बोलेन का? जीव या एवढ्याशा गोष्टीवर टांगला होता, आणि हे कोणाला सांगावं तर हसतील.

वॉर्डातलं नाटक

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी फिजिओच्या मॅडमनी मला वॉकर धरून उभं केलं. मी उभी राहिले! डोळ्यांपुढं अंधारी आली, घाम फुटला, पण पाय खाली टेकला तेव्हा आतून ती जुनी, करवतीनं कापल्यासारखी कळ आली नाही. ती गेलीच होती. टाक्यांचं दुखणं वेगळं आणि नवं होतं, आणि मला त्याचंही कौतुक वाटत होतं.

शेजारच्या खाटेवर फरजाना आपा होत्या. बल्लारपूरला त्यांचं बांगड्यांचं दुकान. वरच्या फळीवरचा डबा काढताना स्टुलावरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. त्या स्वतः पाय लटकवून पडल्या होत्या, तरी त्यांच्या टिफिनमधलं माझ्याकडं येत राहायचं. त्यांची सून डाळ आणायची, आपा म्हणायच्या, "आधी तिले वाढ, माझं तोंड तो चालूच राहते."

त्या दिवशी भेटायच्या वेळी, चार वाजता, माय आणि बाबा आले. मायनं दारातूनच पदर तोंडाला लावला. बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि वॉर्डाकडं तोंड करून सुरू झाले.

"पदरी एकच लेक हो! तिचं बी हाड सुकलं! मी कोणाच्या दारी जाऊ? माह्यं हाड घ्या, डॉक्टर साहेब, पण माह्या लेकीले चालवा!"

काय आवाज लागला होता! दहा खाटांचा वॉर्ड त्यांच्याकडं वळला. समोरच्या पेशंटच्या नवऱ्यानं डोळे पुसले आणि बाबांसाठी चहा आणला. झाडणाऱ्या मावशींनी पाणी आणलं. कोणी मायला खुर्ची दिली, कोणी बाबांच्या पाठीवरून हात फिरवला. शेवटी सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "काका, हळू बोला, इथं पेशंट आहेत." झालं! बाबांचा अपमान झाला. ते भेटायची वेळ संपेपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले आणि माय त्यांना समजावत बसली.

ते गेल्यावर फरजाना आपा म्हणाल्या, "बेटा, अब्बा तुझे एक नंबर आहेत. पर एकदा बी त्यांनी तुझ्याकडे पाह्यलं नाई. मी गिनून राह्यली होती."

मी हसून टाळायला गेले, पण रडू आलं. आपा पाय लटकवलेल्या अवस्थेत जितका पोचेल तितका हात लांब करून माझी गादी थोपटत राहिल्या.

तिसरा दिवस, साडेचार वाजता

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. बाबा अजून रुसलेले. माय स्टुलावर बसून सांगत होती की धर्मशाळेत तिला झोप नाही, पाठ धरली आहे, बाबा बोलत नाहीत. मी हं हं करत होते. तेवढ्यात छातीत उजवीकडं काहीतरी रुतलं. श्वास घेतला, अर्ध्यावर अडला. पुन्हा घेतला, पुन्हा अडला.

मला लगेच कळलं. आणि मी काय केलं माहीत आहे? भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. साडेचार. मनात हिशोब केला की सहाला हे जातील, मग सिस्टरला सांगू. दीड तासाचा तर प्रश्न आहे. दात आपोआप आवळले गेले. माय म्हणाली, "काऊन वं, बरी हायेस नं?" आणि माझं तोंड हसलंसुद्धा! मी हसवलं नव्हतं, ते आपणहून हसलं.

त्या हसण्याची मला भीती वाटली. एवढी भीती मला ऑपरेशनच्या टेबलावरही वाटली नव्हती. मी हसत हसत मरणार होते, आणि माय गावात सांगणार होती की शेवटपर्यंत बरी होती बाई, हसत होती.

मी ओरडले. "सिस्टर! छातीत दुखते! भल्लं दुखते!"

आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. माय उभी राहिली, "अगं माय वं!" म्हणाली आणि खाली कोसळली. बाबांनी दोन्ही हात कपाळावर मारले. सिस्टर धावत आल्या, वाटेत माय पडलेली दिसली, आणि कुठलंही माणूस करील तसं त्या तिच्याजवळ वाकल्या.

"सिस्टर," मी म्हणाले. श्वास पुरत नव्हता, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "ती उठेल. ती नेहमी उठते. आधी माझ्याकडे या."

सिस्टरनी माझ्या ओठांचा रंग पाहिला आणि मायला ओलांडून आल्या.

पुढचं सगळं भराभर झालं. ऑक्सिजन, फोटो, रक्ताची पिशवी, डॉक्टर. नाकातोंडावर मास्क, हाताला दोन नळ्या. आणि त्या मास्कमध्ये मी खुश होते! खोटं नाही सांगत. जीव घाबरा झालेला, छाती भरून आलेली, आणि आतून कोणीतरी ढोल बडवत होतं की सांगितलं, सांगितलं, मी सांगितलं! दोन दिवसांनी श्वास मोकळा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "त्याच क्षणी सांगितलंस म्हणून निभावलं." मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

माय अर्थातच उठली होती, कोणीही पाणी न मारता. फरजाना आपांनी पाहिलं होतं.

त्यानंतर

माय-बाबा दुसऱ्याच दिवशी गावी निघून गेले. "माय पडली, आन पोरगी म्हणते आधी माह्याकडं या," हे बाबांनी वॉर्डाच्या दारात सगळ्यांना ऐकवलं. मग मायचा फोन आला. ती रडत म्हणाली, मी दहा लोकांत तिची शोभा केली, मी माफी मागावी.

'माफ कर' हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयारच होते. नऊ वर्षांची असल्यापासून ते तिथंच राहतात. मी म्हणाले, "माय, मले वाईट वाटते तू रडून राह्यली म्हणून. पण मी माफी नाई मागत." तिनं फोन ठेवला. आपांनी त्या दिवशी मला त्यांच्या वाटणीची शेवईची खीर दिली.

माय अजून नीट बोलत नाही. फोन उचलते, बाबांच्या हातात देते. ज्यांच्या घरी असं आहे त्यांना मी खोटी आशा लावणार नाही. आपण खरं बोललो म्हणून समोरचा लगेच मोठा होत नाही. पण छाती मोकळी होते, माझी तर अक्षरशः झाली.

गेल्या रविवारी दुपारी बाबा एकटेच आले, दोन गाड्या बदलून. मी खोलीत भिंतीला धरून व्यायाम करत होते. पाय मागं नेऊन पाच मोजायचे, असे वीस वेळा. आठव्याला नेहमी जीव निघतो. बाबा दारात बसून छताकडं पाहत होते. मी कण्हले, आणि त्यांचा पाय चप्पल शोधू लागला. एक चप्पल घातलीसुद्धा.

"मले पाह्यवत नाई, संघा."

"बाबा, बसा नं."

"बसून काय करू? मले काय बोलाव समजत नाई. नाटकात लिहून असते. मांगून प्रॉम्प्टर सांगते."

झाडीपट्टीत तालमी कमी आणि प्रयोग जास्त, म्हणून विंगेत एक माणूस वही घेऊन बसतो आणि नटाला ओळ पुरवतो. बाबांचं पाठांतर कच्चं आहे, तीस वर्षं ते त्या माणसाच्या भरवशावर उभे आहेत. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण त्या दुपारी पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला. मी टेबलावरचा एक फॉर्म उलटा केला, कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्यांच्या हातात दिला.

बाबांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि स्टेजवरच्या आवाजात सुरुवात केली, "लय दुखते का माह्या लेकी—"

"लेकी नाई लिहिलं. साधं म्हना."

ते थांबले. मग बारीक आवाजात, शाळेतल्या पोरासारखं एकेक शब्द जुळवत म्हणाले, "लय दुखते का, संघा?"

"हाव बाबा. भल्लं दुखते."

त्यांनी दुसरी ओळ पाहिली. कागद डोळ्यांजवळ नेला, चष्मा वर सरकवला. मी वाट पाहिली.

"मले भेव लागते," बाबांनी वाचलं. मग उरलेलं वाचलं. "पण मी जात नाई."

त्यांनी कागद उलटून पाहिला. "पुढचं कुठी हाय?"

"पुढं काई नाई. बसाचं."

बाबांनी पायातली ती एक चप्पल काढली आणि दाराबाहेर दुसरीच्या शेजारी ठेवली. मी भिंत धरली आणि उरलेले बारा मोजायला लागले, मोठ्यानं, कण्हत कण्हत.